ज्याचा हात उठेल, त्यानं वाढायचं

आमच्या घरात सगळेच मारायचे. कुणाचा कुणावर हात उठला नाही असा आठवडा मला आठवत नाही. आई भाकऱ्या थापता थापता पिठाच्या हातानं पाठीत धपाटा घालायची, तो पांढरा पंजा माझ्या काळ्या कुडत्यावर दिवसभर दिसायचा. बाबांचा पट्टा दारामागच्या खिळ्याला टांगलेला असे. ते मीरा रोडच्या एका टॉवरवर वॉचमन होते. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकून घरी आले की आमच्यापैकी कुणाचा तरी नंबर लागायचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, घरोघर पार्सलं पोचवायचा, तो गुद्दे घालायचा. आणि मी काय कमी होते होय? मी चावायचे, ओरबाडायचे. एकदा दादाच्या पाठीत पोळपाट असा घातला की दोन दिवस त्याला उताणं झोपता आलं नाही. नाव करुणा. बाबांनी विहारात भन्तेजींना विचारून ठेवलेलं. गोडदेवच्या आमच्या चाळीत शेजारच्या गुजराती काकी मला त्या नावानं हाक मारताना हसायच्या, ते उगाच नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, घर होतं की कसाईखाना. तसं नव्हतं हो. आई-बाबा जालन्याकडच्या त्यांच्या गावातून मुंबईकडे आले तेव्हा दोन गोधड्या, एक तवा आणि एक रीत घेऊन आले होते. रीत अशी, की ज्याचा हात उठेल, त्यानं त्या दिवशी मार खाणाऱ्याला आपल्या हातानं वाढायचं. माफीबिफी काही नाही. 'चुकलं' हा शब्द मी आमच्या घरात कधी ऐकला नाही. पण ताट घ्यायचं, तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी त्यात ठेवायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्च्या तेलाची धार, वाटीत वरण, आणि ते ताट समोर सरकवून म्हणायचं, घे. समोरच्यानं घास मोडला की विषय संपला. मोडला नाही, तर भांडण अजून चालू आहे असं समजायचं. बाबांना पळीचा अंदाज नव्हता, त्यांच्या हातचं वरण निम्मं ताटाबाहेर जायचं, आणि पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन बसलेल्या मला हसू फुटायचं. मग तेही हसायचे. आई म्हणायची, हसा मेल्यांनो, लादी मलाच पुसायची आहे.

बारावीला मला बरे मार्क पडले आणि नर्स व्हायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आई भाईंदरच्या एका लहान नर्सिंग होममध्ये मावशी होती. बेडपॅन उचलणं, बाळंतिणीची लुगडी बदलणं, रक्त पुसणं ही तिची कामं. तिथल्या पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर तिला 'ए मावशी' म्हणून हाक मारत आणि मी लहानपणी ते ऐकलं होतं. मला 'ए' म्हणवून घ्यायचं नव्हतं. एका मोठ्या ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात हॉस्टेलसकट फुकट शिकवायचे, पण तिथं नुसत्या मार्कांवर घेत नसत. दोन गोष्टी लागायच्या. एक म्हणजे एका आजारी माणसाची वर्षभर सेवा केल्याचं त्या घरच्यांचं पत्र. दुसरी म्हणजे एक परीक्षा, जिला सगळे प्रसंगांची परीक्षा म्हणत. त्यात ना शरीरशास्त्र, ना गणित. एक प्रसंग द्यायचे, खाली पाच पर्याय, आणि सर्वात चांगल्यापासून सर्वात वाईटापर्यंत आपण क्रम लावायचा. काही प्रसंगांना आपल्या शब्दांत उत्तर टाइप करायचं, तेही घड्याळ लावून.

आई भाकऱ्या करत असताना मी तिला प्रश्न वाचून दाखवायची. तुमच्यासोबतची नर्स रोज उशिरा येते, तुम्ही काय कराल? आई म्हणायची, आधी तिच्या घरी काय झालंय ते विचार, मग झाप. बाबा म्हणायचे, रजिस्टरात लाल रेघ मारायची, आमच्याकडं असंच असतं. दादा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, हाण. आणि खरं सांगते, माझंही पहिलं उत्तर तेच असायचं. पेशंटचा नातेवाईक तुमच्या अंगावर ओरडतोय, असं वाचलं तरी माझ्या मुठी वळायच्या. नातेवाईक कागदावरचा, पण मुठी खऱ्या.

ही परीक्षा शिकवायला नया नगरमध्ये सईदा मॅडम होत्या. मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये आम्हा सात मुलींना समोर बसवायच्या. जिन्यात खालच्या बेकरीतल्या पावाचा वास भरून राहिलेला असे. मॅडमचा आवाज बारीक, पण त्या बोलल्या की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "बेटा, तेरा मुँह बाद में बोलता है, हाथ पहले." तेव्हापासून मी उत्तर देताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं असा नियम झाला. बाकीच्या मुली फिदीफिदी हसायच्या. मी हात दाबून बसायची, बोटांना मुंग्या यायच्या, आणि मग आश्चर्य म्हणजे डोकं चालायला लागायचं.

मॅडमचे नियम सोपे होते. आधी बघायचं, इजा कुणाला होतेय. ती थांबवायची. मग ज्याला सांगायला हवं त्याला सांगायचं. आणि लपवणं हा पर्याय कुठंही दिसला, कितीही गोड शब्दांत लिहिलेला असला, तरी तो सगळ्यात खाली. 'छुपाना हमेशा पाँचवाँ,' असं त्या इतक्या वेळा म्हणायच्या की आम्ही मुली आपसांत खोटारड्या माणसाला पाचवा म्हणू लागलो. एकदा टाइप करायचा प्रश्न आला. रागाच्या भरात तुम्ही सहकाऱ्याला लागेल असं बोललात, आता काय कराल? मी लिहिलं, त्या दिवशी त्याचा डबा मी माझ्या हातानं वाढीन. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, मुली लोळायच्या बाकी राहिल्या. मी तापले, म्हटलं, हसायला काय झालं, आमच्यात असंच करतात. मॅडमनी मला रीत नीट विचारून घेतली आणि म्हणाल्या, रीत सुंदर आहे, पण ज्याला लागलं त्याला ठाऊक तरी हवं ना, की तू कशासाठी वाढते आहेस. मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, बाईंना उगाच खुसपट काढायची सवय आहे.

पत्रासाठी घर मॅडमनीच मिळवून दिलं. उत्तनच्या पट्ट्यात तारोडीला मार्ताबाय म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. जन्मभर मासळी विकलेल्या, आता डोक्यातलं सगळं पुसत चाललं होतं. त्यांची मुलगी स्टेला शाळेत शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, आईसाठी दिवसाचं माणूस हवं होतं. मी सकाळी गोडदेवहून निघून स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला बस धरायची. खाडी, मिठागरं, मग वळणं, मग सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, की समजायचं उतरायची वेळ झाली. घर बैठं, कौलारू, दारात क्रूस, आणि मागच्या अंगणात बांबूच्या दांड्यांवर शेजाऱ्यांचे बोंबील लटकत असायचे.

मार्ताबाय म्हणजे काय बाई होती, सांगते. सत्तरीच्या पुढे, पण मनगटं माझ्या दुप्पट. साठ वर्षं टोपल्या उचललेले हात ते. शांत असल्या की गोड, माझे केस विंचरायच्या, विचारायच्या, "जेवली का न्हाय गो तू?" पण एकदा का त्यांना वाटलं की मी मासळी चोरायला आलेय, की संपलं. ताटली भिरकावायच्या, गरम पेज अंगावर ओतायच्या. एकदा काठी माझ्या गुडघ्यावर अशी बसली की मी आठवडाभर लंगडत होते. अंघोळीच्या वेळी माझी वेणी मनगटाला गुंडाळून त्यांनी माझं डोकं नळावर आपटलं होतं. मी सोसत होते. घरी मार खाऊन माझी कातडी तयार होती, आणि बसमध्ये हात मांड्यांखाली दाबून मी स्वतःला सांगायची, पेशंट आहे, पेशंट आहे. दहा महिने असे काढले. माझ्यासारखीनं. मला वाटलं, जिंकले मी.

त्या दुपारी उकाडा होता. स्टेला शाळेत. मी मार्ताबायना भात आणि बोंबलाचं कालवण भरवत होते. त्या मुकाट खात होत्या. एकाएकी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे पालटले. "चोरटे," म्हणाल्या, "माजे बोंबील ठेव." मी म्हटलं, बाय, तुमचेच आहेत, तुम्हीच खाताय. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि दात रोवले. नुसते लावले नाहीत, रोवले. त्यांचे दात अजून स्वतःचे होते. मी ओढत होते आणि त्या मान हलवत होत्या, माझ्या हातावरून रक्त कालवणात पडलं, आणि मग माझा दुसरा हात उठला. त्याला मी उठवलं नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. मीच उठवला. एक दिली, दात सुटले. तिथं थांबायला हवं होतं. दुसरी दिली ती सुटल्यावर. ती माझ्या मनापासून होती, दहा महिन्यांची होती. आणि वर ढकललं. मार्ताबाय खाटेच्या लोखंडी कडेवर गेल्या, भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं जुळवली आणि अंग आक्रसून त्या भिंतीकडे सरकल्या. तसं अंग आक्रसणं मला चांगलं ठाऊक होतं. पट्टा खिळ्यावरून निघाला की मी अशीच व्हायची. मी पाणी आणलं, जखम पुसली, हळद दाबली, पट्टी बांधली, माझ्या हातावर फडकं गुंडाळलं. मग काय करावं मला सुचेना, म्हणून जे ठाऊक होतं ते केलं. ते रक्ताचं कालवण ओतून दिलं, नवीन भात लावला, दोन बोंबील तव्यावर कुरकुरीत तळले, ताट नीट वाढलं आणि त्यांच्यासमोर धरून म्हटलं, घ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळख नव्हती. घास घेतला. मग दुसरा. "ब्येस केलंस गो," म्हणाल्या, "कोन तू?" मी म्हटलं, करुणा. माझ्या छातीवरचा दगड उतरला. घास मोडला होता ना. आमच्या हिशेबानं संपलं होतं.

स्टेला चारला आली. भुवई बघून घाबरली. मी म्हटलं, पडल्या. एवढंच, एक शब्द. तिनं माझ्या हातावरचं फडकं सोडलं, दातांचे वण बघितले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बसवलं, औषध लावलं. म्हणाली, एवढं चावून घेऊन तू तिला पट्टी बांधलीस, जेवायला घातलंस, दुसरी असती तर पळून गेली असती. आणि कपाटातून कागद काढून तिथंच टेबलावर ते पत्र लिहिलं, मी मागितलं नसताना, वर्ष पुरं व्हायला दोन महिने असताना. इंग्रजीत, सुंदर अक्षरात. त्यात एक वाक्य होतं की ही मुलगी राग गिळून प्रेमानं सेवा करते. मी ते पिशवीत घातलं आणि बसमध्ये बसले. खाडीवरून जाताना पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

घरी आईनं वण बघितले. तीस वर्षं पेशंटांत वावरलेली बाई, तिला काय सांगायचं. दादा नि बाबा नव्हते. तिनं दार लोटलं आणि विचारलं, "किती हाणलीस?" मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, वाढलंस का? मी म्हटलं, वाढलं. खाल्लं का तिनं? खाल्लं. मग झालं तर, म्हणाली, आणि पीठ मळायला बसली. त्या दिवशी मी चार भाकऱ्या खाल्ल्या. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मार्ताबाय छान होत्या. दारातच विचारलं, जेवली का. मी त्यांना अंघोळ घातली, गाणं म्हणत होत्या त्या काहीतरी चर्चमधलं. पाठ पुसायला टॉवेल हवा होता, तो त्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर. मी हात वर केला. तर त्यांचे दोन्ही हात डोक्यावर, कोपरं जुळलेली, अंग भिंतीला. मी हात खाली घेतला. त्या गोंधळून स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. हे का वर गेले, त्यांना कळत नव्हतं. त्यांना मी आठवत नव्हते, मार आठवत नव्हता, बोंबील आठवत नव्हते. पुन्हा कंगवा घेताना तेच. खिडकी लावताना तेच. दिवसभर मी विसरून हात वर करायची, पण त्यांचं अंग विसरत नव्हतं. आमच्या वाढण्याच्या रीतीवर सईदा मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा, त्या ओल्या मोरीत उभी असताना कळलं.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये प्रसंग आला. तुमची मैत्रीण एका विसराळू वृद्धेची घरी सेवा करते. तिनं वृद्धेवर हात उचलल्याचं ती तुम्हाला सांगते. वृद्धेला काही आठवत नाही, घरचे मैत्रिणीवर खूश आहेत. हे मॅडमनी मुद्दाम काढलं नव्हतं, पुस्तकात पुढचा तोच होता. असे प्रसंग त्या परीक्षेत नेहमीचे. मी हात मांड्यांखाली घातले आणि क्रम लावला. वृद्धा सुरक्षित आहे का ते बघणे, एक. मैत्रिणीला स्वतःहून घरच्यांना सांगायला लावणे, दोन. असं करत शेवटचा, झालं गेलं विसरून गप्प राहणे, पाच. सगळं बरोबर. मॅडम मुलींना म्हणाल्या, करुणाकडे बघा, दहा महिन्यांपूर्वी कशी होती. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात येऊन ओकले. खालच्या बेकरीवाल्या चाचांनी पाणी दिलं.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की स्टेलाला खरं सांगणार आहे. ती भाकरी थापत होती. आधी तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग म्हणाली, "पत्र हाती आलंय न् आता सांगायलीस? आमच्या लेबर रूममधी रोज बायांच्या मांड्यांवर फटके बसतेत. म्याबी हाणलेत. कोण सांगतंय?" मी विचारलं, त्यांना वाढलंस का कधी? एवढंच विचारलं मी. तिचं तोंड असं झालं की मी आयुष्यात विसरणार नाही. लाटणं हाताशी होतं. पहिला खांद्यावर, दुसरा दंडावर, तिसरा कानामागे. ती मारत होती आणि बोलत होती, की तिनं माझ्यासाठी किती घाण उपसली, की तिला कुणी 'ए' म्हणू नये म्हणून नव्हे, मला म्हणू नये म्हणून, की सीट गेली तर याच चाळीत मरशील. दादानं येऊन लाटणं काढून घेतलं तेव्हा ती दमून खाली बसली होती आणि माझ्या कानातून रक्त येत होतं. मग जेवायची वेळ झाली. मी ताटावर बसले, वाट बघत. आईनं बाबांना वाढलं, दादाला वाढलं. माझ्यासमोर काही ठेवलं नाही. आमच्या घरात असं कधीच झालं नव्हतं. बाबांनी आपली भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे केली, तर आई म्हणाली, तुमचा हात उठलाय का? बाबांनी हात मागे घेतला.

रविवारी मी तारोडीला गेले. माय-लेकी चर्चमधून येऊन बसल्या होत्या, मार्ताबायच्या अंगावर चांगलं लुगडं. मी दारातच उभं राहून स्टेलाला सांगितलं. एक दिली ती दात सोडवायला, दुसरी रागानं, आणि ढकललं, त्या पडल्या नव्हत्या. पत्र पुढे केलं. स्टेलानं पत्र घेतलं, घडी घातली, आणि माझ्या तोंडात मारली. शाळेतली बाई, हाताला सवय नसावी, पण अंगठी गालाला लागली. आतून मार्ताबायनी हात डोक्यावर घेतले. आणि आता माझा मूर्खपणा ऐका. मी तिथून हलले नाही. मार खाल्ला होता ना मी. माझं अंग आपोआप वाढण्याची वाट बघत उभं राहिलं, त्या पायरीवर, गालातून रक्त येत असताना. थोड्या वेळानं स्टेला म्हणाली, "अजून काय पाहिजे तुला?" मी म्हटलं, काही नाही. आणि निघाले. बसथांब्यापर्यंत बोंबलाच्या वासात रडत गेले.

परीक्षा मी दिली. मॅडमना सगळं सांगून दिली. त्यांनी फक्त एवढं विचारलं की मुलीला सांगितलंस का, आणि हो म्हटल्यावर डोक्यावर हात ठेवला. मार्क उत्तम पडले, पण पत्राची जागा रिकामी म्हणून अर्ज परत आला. घरी आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मारायची मात्र नाही. हा सगळ्यात वाईट काळ होता, हे घरात मार न खाल्लेल्या माणसाला समजवता येणार नाही. दोन महिन्यांनी स्टेलाचा फोन आला. एकही बाई टिकली नव्हती, शेवटची मार्ताबायना खोलीत कोंडून बाहेर बसायची. स्टेला म्हणाली, "विश्वास नाही माझा तुझ्यावर. पण तू सांगितलंस तरी. दार उघडं ठेवून काम करायचं, शेजारची मावशी मधूनमधून बघून जाईल. जमेल?" मी म्हटलं, जमेल.

तेव्हापासून मी हात खालून न्यायला शिकले. आधी दोन्ही तळवे दाखवायचे, कमरेच्या खाली, मग हळूहळू वर आणायचे. टॉवेलची दोरी मी छातीएवढी खाली बांधून घेतली. केस विंचरताना मी जमिनीवर बसायची आणि त्यांना खुर्चीवर बसवायची. पुढं कितीतरी वर्षं मी वॉर्डात काम केलं, मुली शिकवल्या, आणि प्रत्येकीला शिकवलं की पेशंटच्या डोक्यावरून हात न्यायचा नाही. त्यांना वाटतं, ते कुठल्या पुस्तकात आहे. मार्ताबायनी मला पुढंही मारलं, एकदा तर बरगडी दुखावली. मी हात मांड्यांखाली घालून जमिनीवर बसून राहायची, त्या दमेपर्यंत. त्या वर्ष-सव्वा वर्षानं गेल्या. शेवटच्या सकाळीसुद्धा मी पांघरूण सारखं करायला वाकले तर त्यांची कोपरं थोडीशी हलली होती.

मातीनंतर आठ दिवसांनी स्टेलानं बोलावून पत्र दिलं. या वेळी मराठीत, आणि पाकीट उघडं. मी ते घरी आणलं. आई दुपारपाळी करून आली होती, भाकऱ्या चालल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणाली, वाच. मी वाचलं. "या मुलीने माझ्या आईला मारले होते. मला ते तिनेच सांगितले, नाहीतर कळले नसते. नंतर एक वर्ष तिने दार उघडे ठेवून आईची सेवा केली. आई शेवटपर्यंत हिला भीत होती, आणि हिच्याच हातून जेवत होती. तुम्ही हिला घ्यावे असे मला वाटते." आई थापायची थांबली. मी म्हटलं, आता असं पत्र पाहून कोण घेणार आहे मला. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती आईनं उतरवली, कोरं ताट घेतलं, भाकरी, ठेचा, तेल, वाटीत वरण, आणि माझ्यासमोर सरकवलं.

मी म्हटलं, आई, आज तर तू मारलं नाहीस.

"त्या दिवशीचं हाय," ती म्हणाली. "घे."